घरगुती संगणकाची बखर

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, त्यासोबत दुसरीही एक विनंती होती. आमचे कै. वडील मंडळाच्या आरंभीच्या वर्षांत कार्यवाह होते. त्यांच्या कागदपत्रांत १९७९ च्या गणेशोत्सवातील कीर्तनाची कॅसेट असल्याचे जुन्या मंडळींस आठवते; ती शोधून द्यावी, अशी ती विनंती. पहिल्या मागणीने आमचा मान वाढला, दुसरीने मात्र पंचाईत केली. ती कॅसेट आमच्यापाशी आहे, परंतु तिच्यावर कीर्तन फारसे उरलेले नाही. ते का उरले नाही हे सांगावयाचे तर घरगुती संगणकाचा इतिहास सांगावा लागतो. प्रस्तुत लेख हे त्या दोन्ही मागण्यांचे एकत्रित उत्तर आहे.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींवर शेरे लिहिण्यात गेली. यंत्रशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. जुने संगणक आणि टीव्हीवर खेळावयाची जुनी खेळयंत्रे जमवावीत, उघडावीत आणि जमल्यास चालू करावीत, हा आमचा गेल्या काही वर्षांचा छंद. सुपेल्यातील आमच्या घराची मागची खोली त्यासाठी खर्ची पडली असून घरची मंडळी तिला भंगारखाना म्हणतात. त्या भंगारखान्यात बसून जे कळले ते येथे मांडीत आहो.

भट्टी आणि गणकयंत्र

भिलाईची आणि भारतीय संगणकाची वये जवळजवळ सारखीच आहेत, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. येथील पोलाद कारखान्यासंबंधीचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पार पडले. त्याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन् आणि त्यांचे सहकारी भारतात घडविलेला मोठा संगणक उभा करीत होते. १९६० साली तो कामास लागला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. हजारो व्हॉल्व्ह असलेले ते यंत्र एक दालन व्यापून राही. त्याची स्मृती २०४८ शब्दांची, प्रत्येक शब्द ४० अंशांचा. म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दहा हजार बाइट.

हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे पंचवीस वर्षांनी जी पेटी आमच्या घरातील टीव्हीसमोर येऊन बसली, तिची स्मृती याच्या जवळजवळ पाचपट होती आणि ती पेटी आम्ही काखेत मारून शेजारच्या घरी नेत असू.

एवढा बदल घडला तो सूक्ष्मप्रक्रियकामुळे. पूर्वी कपाटभर मांडणीने जे काम होई ते एका चिपमध्ये आले. १९७५ साली अमेरिकेत '६५०२' नावाची चिप अवघ्या २५ डॉलरला विकावयास निघाली, आणि पुढच्याच वर्षी तिच्या तोडीची 'झेड-८०' बाजारात आली. घरगुती संगणकांचा आणि खेळयंत्रांचा पुढील दीड दशकांचा संसार मुख्यत्वे या दोन चिपांवर चालला. अ‍ॅपल-२ मध्ये ६५०२ होती, ब्रिटनच्या शाळांसाठी घडविलेल्या बीबीसी मायक्रोमध्ये तीच, आणि जपानच्या निन्टेन्डो कंपनीने जुलै १९८३ मध्ये आणलेल्या 'फॅमिकॉम' या खेळयंत्राच्या पोटात तिचाच एक अवतार होता.

झेड-८० च्या वंशातील सर्वांत लाडके अपत्य म्हणजे सर क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा 'झेडएक्स स्पेक्ट्रम'. सामान्य माणसाला परवडेल असा संगणक करावयाचा, हा सिंक्लेअर यांचा ध्यास होता. त्यांचा 'झेडएक्स-८०' हा १९८० साली शंभर पौंडांच्या आत मिळू लागला. त्यानंतर २३ एप्रिल १९८२ रोजी स्पेक्ट्रम आला. त्याच्या एका प्रकारात १६ व दुसऱ्यात ४८ किलोबाइट स्मृती होती, आणि किंमत अनुक्रमे १२५ व १७५ पौंड. पडदा नाही, तबकडी नाही. पडद्याचे काम घरच्या टीव्हीने करावयाचे आणि साठवणीचे काम घरच्या टेपरेकॉर्डरने. गाणी ऐकण्याच्या कॅसेटवरच संगणकाच्या आज्ञावल्या राहत. आमच्या गुन्ह्याचे मूळ येथे आहे.

पेटी घरी आली

भारतात त्या काळी संगणक आयात करणे म्हणजे परवाने व जकात यांची दुहेरी तटबंदी ओलांडणे होते. नोव्हेंबर १९८४ मध्ये नवे संगणक धोरण जाहीर झाले आणि ती तटबंदी काहीशी ढासळली. त्याच सुमारास केंद्र शासनाने शाळांतून संगणकसाक्षरतेची 'क्लास' ही योजना सुरू केली. तीत बीबीसी मायक्रो संगणक निवडक शाळांस मिळाले. १९८६ च्या सुमारास डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या भारतीय कंपनीने सिंक्लेअर यांच्या परवान्याने 'डीबी स्पेक्ट्रम' हा संगणक विकावयास आणला. गंमत अशी, की त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये खुद्द सिंक्लेअर यांनी तोट्यापायी आपला संगणकाचा धंदा अ‍ॅमस्ट्रॅड या कंपनीस विकला. तिकडे मावळतीला लागलेला सूर्य इकडे उगवत होता.

आमच्या घरी तो १९८७ च्या उन्हाळ्यात आला. आमचे धाकटे मामा मुंबईस असत. मुंबई-हावडा गाडीने ते दुर्गला उतरले तेव्हा आंब्याच्या करंडीबरोबर त्यांच्या हातात एक चपटे खोके होते. भाच्याची दहावी झाली म्हणून भेट, असे ते म्हणाले. किंमत किती, हे त्यांनी आईला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले; आम्हांस ती कधीच कळली नाही. एवढे मात्र खरे, की तो आकडा ऐकून आई काही वेळ पोळी लाटावयाची थांबली होती.

त्या पेटीची ओळख आजच्या मुलांस करून देणे कठीण आहे. तार टीव्हीच्या अँटेनाच्या जागी जोडावयाची, टीव्हीचे बटण फिरवून चित्र स्थिर करावयाचे. मग पडद्यावर एक ओळ उमटे आणि यंत्र आज्ञेची वाट पाहत बसे. त्यास स्वतःहून काहीच येत नसे. बेसिक भाषेतील शब्द कळांवरच छापलेले असत. 'जे' दाबले की 'लोड', 'पी' दाबले की 'प्रिंट', अशी अक्षरांची आणि आज्ञांची जोडी लावलेली होती. लोडची आज्ञा देऊन टेपरेकॉर्डर सुरू केला म्हणजे आधी एक लांब शिट्टी, मग घशात खरखर अडकल्यासारखा कर्कश आवाज येई, आणि पडद्याच्या कडेने प्रथम तांबडे-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावू लागत. पूर्ण स्मृती भरणारा खेळ चढावयास सुमारे पाच मिनिटे लागत. साडेचार मिनिटांनी वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून आरंभ. रविवारी सकाळी दूरदर्शनच्या कार्यक्रमांपूर्वी आमचा कार्यक्रम उरकावा, असा घरचा दंडक होता.

खेळ तर होतेच. पण आम्हांस वेड लावले ते दुसऱ्याच गोष्टीने. या संगणकात आपली स्वतःची २१ चिन्हे घडविण्याची सोय होती. प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ चौकटींचे. चौकट भरली तर एक, रिकामी तर शून्य. आठ ओळींचे आठ आकडे यंत्रास दिले की ते चिन्ह पडद्यावर उमटे. शाळेच्या आलेखवहीवर आम्ही 'श्री' काढावयास बसलो. शिरोरेखेची ओळ सोपी होती. आठही चौकटी भरावयाच्या, म्हणजे २५५. परंतु शिरोरेखा पहिल्या ओळीत घेतली तर वेलांटीला आणि मात्रेला जागा कोठून आणावी? ती दुसऱ्या ओळीत उतरविली तर उरलेल्या सहा ओळींत 'श' आणि 'र' यांची जुळणी बसेना. तीन दिवसांनी 'श्री गणेशाय नमः' ही अक्षरे, दोन दोन चौकटी जोडून का होईना, पडद्यावर उमटली. वडिलांना बोलावून दाखविले. ते चष्मा वर करून पाहत राहिले आणि म्हणाले, "णे जरा दबला आहे."

आम्ही आठ चौकटींत ज्या अडचणीशी झगडत होतो, तिच्याशीच त्या वर्षांत मोठी माणसे मोठ्या प्रमाणावर झगडत होती, हे पुढे वाचनात आले. कानपूरच्या आयआयटीत भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे संशोधन चालले होते. त्या कामात मोहन तांबे यांचा मोठा वाटा. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे 'जिस्ट' या नावाने पुढे गेले. भारतीय लिप्यांसाठी सांकेतिक क्रमांकांचे प्रमाण १९९१ साली मानक म्हणून मान्य झाले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. आज नातू आजीला मोबाइलवर मराठीत निरोप पाठवितो, त्यामागे ही सारी तपश्चर्या आहे.

वडिलांना आमच्या या उद्योगाचा एक उपयोग दिसला. मंडळाच्या वर्गणीची वही दर वर्षी नव्याने लिहावी लागे. कोणाची बदली होई, कोणी नवीन येई. त्यांनी आम्हांस सांगितले, की ही यादी तुझ्या पेटीत घालता आली तर घाल. आम्ही बसून ६३ कुटुंबांची नावे, क्वार्टरचे अथवा घराचे क्रमांक आणि वर्गणीचे आकडे रोमन अक्षरांत टाइप केले. बेरीज यंत्राने केली. ती वहीतील बेरजेशी जुळेना. दोन रात्री तपासल्यावर चूक वहीत निघाली. वडिलांनी वहीत लाल शाईने दुरुस्ती केली. घरात आमचा भाव त्या दिवशी बराच वधारला.

रशियन शेजारी

येथे भिलाईकरांस एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या लहानपणी रशियन तंत्रज्ञ येथे नित्य दिसत. मैत्रीबाग त्यांच्या-आपल्या स्नेहाची खूण म्हणून आजही उभी आहे. लोखंड कसे वितळवावे हे त्यांनी येथे दाखविले. पण ज्या वर्षी आम्ही मामांच्या कृपेने मिळालेल्या स्पेक्ट्रमसमोर बसलो होतो, त्याच सुमारास त्यांच्या देशातील छांदिष्ट माणसे तोच संगणक घरच्या टेबलावर स्वतःच्या हातांनी बनवू पाहत होती, याची कल्पना आम्हांस नव्हती.

सोव्हिएत संघात असा संगणक दुकानात सहजी मिळत नसे. 'रेडिओ' नावाच्या तेथील मासिकाने १९८३ साली 'मिक्रो-८०' या संगणकाचा आराखडा छापला आणि १९८६ साली त्याहून सोपा, अवघ्या २९ चिपांचा 'रेडिओ-८६आरके' दिला. वाचकांनी सुटे भाग मिळवून झाळकाम करावे आणि संगणक उभा करावा, अशी ती योजना. स्पेक्ट्रममध्ये फेरँटी कंपनीने खास घडविलेली एक चिप होती, ती कोठे मिळणार? तेथील कारागिरांनी तिचे कार्य समजून घेतले आणि साध्या, सर्वत्र मिळणाऱ्या चिपांची जुळणी करून तेच काम साधले. १९८८ मध्ये सेर्गेई झोनोव यांनी अशी एक सुटसुटीत रचना केली. ती 'लेनिनग्राद' या नावाने घरोघर पसरली. चिप मिळाली नाही म्हणून ते थांबले नाहीत, चिप काय करते ते शिकले.

त्याच देशाने जगाला 'टेट्रिस' दिला. अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो 'इलेक्ट्रॉनिका-६०' या यंत्रावर रचला. त्या यंत्राला चित्रे काढता येत नसत. म्हणून पडणाऱ्या विटा त्यांनी चौकटी कंसांच्या जोड्यांनी दाखविल्या. दहा वर्षांनी सुपेल्याच्या बाजारात वीट-खेळाची लहान, हातात मावणारी यंत्रे टोपल्यांत रचून विकली जात होती. ती चिनी होती. खेळ मात्र रशियन होता. भिलाईशी रशियनांचे नाते असे खेळण्यांच्या टोपलीतही शिल्लक राहिले.

टीव्ही-गेमचे दिवस

नव्वदचे दशक आले तसा आमच्यासारख्यांचा स्पेक्ट्रम मागे पडला आणि घराघरांत 'टीव्ही-गेम' आले. समुराई, मीडिया अशा नावांची ही यंत्रे बहुतांशी जपानच्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. रशियातही १९९२ साली 'डेंडी' या नावाने अशीच नक्कल निघाली आणि तेथील एक अख्खी पिढी तिच्यावर वाढली. म्हणजे भिलाईच्या सेक्टरांतील मुलगा आणि मॉस्कोतील मुलगा एकाच वेळी एकच टोपीवाला नळकारागीर उड्या मारीत नेत होते, दोघांनाही मूळ यंत्र ठाऊक नव्हते.

या यंत्रांचे खेळ कॅसेटवर नसून काडतुसात असत. पाच मिनिटे थांबणे नाही, शिट्टी नाही. खाचेत घातले की खेळ सुरू. काडतूस चालले नाही तर त्यात फुंकर मारावयाची, ही विद्या देशोदेशींच्या मुलांना कोणी न शिकविता अवगत होती. पुढे कळले की फुंकरीने काही सुधारत नसे. पुन्हा काढून घातल्याने संपर्क जुळे, आणि श्वासातील ओलाव्याने उलट धातूच्या पट्ट्या गंजत.

सोय झाली, परंतु एक गोष्ट गेली, असे आम्हांस वाटते. स्पेक्ट्रम उघडला की रिकाम्या पडद्यावर तो तुमची आज्ञा मागे. मुलाला खेळावयाचे असले तरी निदान एक ओळ लिहावी लागे, आणि त्या ओळीपाठोपाठ दुसरी लिहावी असे वाटे. टीव्ही-गेमने मुलाकडून काहीच मागितले नाही. आजच्या मोबाइलबद्दल तर बोलावयासच नको. त्याचे झाकण उघडावयाचे तर विशेष हत्यार लागते. खेळाला आमचा विरोध नाही, आम्ही स्वतः पुष्कळ खेळलो. परंतु यंत्राचा स्वामी होणे आणि यंत्राचे गिऱ्हाईक होणे यांत अंतर आहे, ते आम्ही आमच्या घरातच पडताना पाहिले.

भंगारखाना

१९९८ साली आमची बदली झाली. बदलीच्या संसारात जागा मोजून असते. मामांनी दिलेला स्पेक्ट्रम तेव्हा बंद पडला होता. दुरुस्त करणारा कोणी मिळाला नाही, आणि आम्ही तो वर्तमानपत्रांच्या रद्दीबरोबर तराजूत घातला. किती पैसे आले ते आठवत नाही, याची लाज वाटते. तीन राज्ये फिरून पुन्हा भिलाईत आलो तोवर छत्तीसगढ राज्य होऊन कित्येक वर्षे लोटली होती, मामा राहिले नव्हते, आणि आम्ही सुपेल्यात घर केले होते.

सुपेल्याचा रविवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांस सांगावयास नको, की तेथे चादरींपासून चपलांपर्यंत सारे मिळते. एका रविवारी जुन्या सामानाच्या एका पथारीवर एक टीव्ही-गेम आणि एक टेपरेकॉर्डर शेजारी शेजारी पडलेले दिसले. विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, "भाईसाहब, दोनों चालू नहीं हैं।" आम्ही दोन्ही घेतले. छंदाचा आरंभ हा असा झाला.

या छंदातील कामे बाहेरून वाटतात तेवढी अवघड नाहीत. मात्र घाई चालत नाही. टेपरेकॉर्डर बहुधा रबरी पट्टा सैल पडून किंवा चिकट होऊन बंद पडतो. पट्टा बदलला, वाचणाऱ्या हेडवरचा थर कापसाच्या बोळ्याने शुद्ध अल्कोहोल लावून पुसला की तो बोलू लागतो. जुन्या यंत्रांतील कपॅसिटरमधून द्राव झिरपून तांब्याच्या रेघा खातो. ते काढून नवे झाळावे लागतात. स्पेक्ट्रमच्या कळफलकाखालील पातळ पापुद्रा काळाने ठिसूळ होऊन तुटतो. त्याच्या विजेच्या पुरवठ्यात आणखी एक खोच आहे: नऊ व्होल्टच्या पिनेच्या आत ऋण आणि बाहेर धन, नेहमीच्या अगदी उलट. न पाहता दुसरा अडॅप्टर लावणाऱ्यांनी किती यंत्रे जाळली असतील, याची गणती नाही. सुटे भाग आम्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून मागवितो. अर्धे शिकलो ते पुस्तकांतून, अर्धे शॉक बसून.

या खोलीत मंडळाच्या काही सभासदांची मुले येतात. एकदा एका मुलाने टीव्ही-गेमची ६५०२ कुळातील चिप पाहून विचारले, "काका, हीच ती का जी विचार करते?" आम्ही म्हटले, "विचार करीत नाही रे, सांगितलेले ऐकते." तो जरा हिरमुसला, पण पुढच्या रविवारी सांगावयाचे कसे हे शिकावयास आला.

ती कॅसेट

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संपादकांचा निरोप आल्यावर आम्ही वडिलांची पत्र्याची पेटी उघडली. मंडळाच्या पावत्या, इतिवृत्ताची वही आणि खाली रुमालात गुंडाळलेली कॅसेट. लेबलावर वडिलांच्या वळणदार अक्षरात 'गणेशोत्सव १९७९ – कीर्तन'. ती पाहताच १९८७ सालचा पावसाळा डोळ्यांपुढे उभा राहिला. मित्राकडून नवे खेळ मिळाले होते, ते उतरवून घ्यावयास कोरी कॅसेट घरात नव्हती. कपाटात ही होती. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक पाकळ्या असतात. त्या मोडून टाकल्या तर तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही. वडिलांनी त्या मोडल्या नव्हत्या. आपल्या घरातील वस्तूवर आपलेच मूल काही चढवील, ही शंका त्यांना का यावी? आम्ही एक बाजू खेळांनी भरली, दुसऱ्या बाजूवरही बरेच काही चढविले, आणि कोणास काही सांगितले नाही.

पथारीवर मिळालेल्या त्याच टेपरेकॉर्डरमध्ये ती लावली. शिट्टी, खरखर, शिट्टी. आजच्या संगणकास तार जोडून तो आवाज उतरवून घेतला. जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठविणारी इम्युलेटर नावाची आज्ञावली असते, तिला तो ऐकविला. पुन्हा पुन्हा एकच उत्तर: टेप लोडिंग एरर. शेवटी लहान पेचकसाने हेडचा कल केसभर फिरवीत गेलो. आवाज थोडा उघडला, धारदार झाला, आणि पडद्याच्या कडेने निळे-पिवळे पट्टे धावू लागले. वर आले ते 'श्री गणेशाय नमः', दबलेल्या 'णे'सह. त्याखाली एकामागून एक नावे: वर्गणीची यादी, सन १९८७, ६३ कुटुंबे. वहीतील ती पाने वाळवीने खाल्ली आहेत. ही यादी मात्र जशीच्या तशी. यांतील कित्येक घरे आज भिलाईत नाहीत. नागपूर, पुणे, रायपूर, काही परदेशी. ती सारी नावे देवनागरीत उतरवून आम्ही संपादकांस दिली असून ती या स्मरणिकेच्या शेवटी छापली जाणार आहेत.

यादी संपली तरी फीत आम्ही थांबविली नाही. सुरसुर चालू राहिली आणि एकाएकी टाळ ऐकू आले. कीर्तनाची अखेरची सहा-सात मिनिटे, आमच्या खेळांच्या तडाख्यातून सुटलेली. बुवांचा आवाज, मागे कोणाचे तरी रडणारे मूल, मग आरती, आणि अगदी शेवटी कोणी तरी माइकजवळ येऊन म्हणते, "प्रसाद घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये." तो आमच्या वडिलांचा आवाज होता.

कॅसेट परत डबीत ठेवताना लेबल पुन्हा पाहिले. वडिलांच्या ओळीखाली पेन्सिलीने, त्यांच्याच अक्षरात, पुसट लिहिले होते: 'व वर्गणी यादी १९८७'. म्हणजे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कधी एका शब्दाने विचारले नाही. जे गेले त्याची नोंद न ठेवता जे आहे त्याची नोंद ठेवली, आणि कॅसेट रुमालात गुंडाळून मंडळाच्या कागदांत जपली.

उपसंहार

या सगळ्यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. ताम्रपटास वाचावयाला डोळे पुरतात, वहीस अक्षरओळख पुरते. परंतु कॅसेट, फ्लॉपी आणि व्हिडिओ फीत यांना वाचावयास यंत्र लागते, आणि ते यंत्र कोणी तरी चालू ठेवावे लागते. यंत्र मेले की त्यावरील मजकूर जिवंत असूनही मुका होतो. जुनी खेळयंत्रे उघडून बसणाऱ्यास लोक रिकामटेकडा म्हणतात. म्हणोत बापडे. गावापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांस घराणे, गाव, वाडा यांचे पुरावे नाहीत. आपले पुरावे अशाच डब्यांत आहेत.

यास्तव मंडळाच्या सर्व कुटुंबांस विनंती, की कपाटे, माळे, ट्रंका एकदा उघडाव्यात. बारशाच्या, मुंजीच्या, नाटकांच्या, गणेशोत्सवाच्या कॅसेटी असतील. जुन्या फ्लॉपी असतील. बंद पडलेला टेपरेकॉर्डर किंवा टीव्ही-गेम असेल. भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा कळवावे. कॅसेट स्वतः लावून पाहण्याची घाई करू नये. बुरशी आलेली फीत खराब यंत्रात तुटते. पाठीच्या पाकळ्या मात्र आजच मोडून टाकाव्यात. आमच्या हाती दिलेली प्रत्येक वस्तू उतरवून घेऊन मूळ वस्तूसह परत करू, आणि एक प्रत मंडळाच्या कार्यालयात ठेवू.

मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांस आमच्या शुभेच्छा. कीर्तनाची ती उरलेली सहा-सात मिनिटे सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी आरतीपूर्वी ऐकविण्यात यावीत, एवढी परवानगी आम्ही कार्यकारिणीकडे मागितली आहे. त्यांत वडिलांनी सांगितलेले आजही लागू आहे. प्रसाद घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये.